एम.ए. अर्थशास्त्र : प्रवेशाच्या अटी आणि आपली तयारी

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला विषय दिला तो असा, की पदवीनंतर अर्थशास्त्रात एम.ए. करायचे असेल तर प्रवेश कसा मिळतो ते सांगा. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. बँकेच्या काउंटरवर बसणारे साधे क्लार्क आहोत आणि कला शाखेचे पदवीधर आहोत. त्यामुळे विद्वत्तापूर्ण भाषण आमच्याकडून होणार नाही. परंतु गेली काही वर्षे रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत आम्ही दोघे-तिघे मित्र मुलांचे अर्ज भरून देण्यास बसतो. त्या टेबलावर जे पाहिले, तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहोत.

प्रथम आमचीच गोष्ट सांगतो, कारण ती चुकीची गोष्ट आहे आणि चुकीच्या गोष्टीतून माणूस लवकर शिकतो. बी.ए.ला आमचा विशेष विषय अर्थशास्त्र होता. निकाल लागला, मार्क बरे पडले, आणि एम.ए. करावे असे मनाने घेतले. एका नामवंत संस्थेत अर्ज आणावयास गेलो. खिडकीवरील गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, "बारावीला गणित होते का?" आम्ही म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "मग कशाला आलात?" आम्ही जिना उतरून खाली आलो आणि बस पकडून घरी आलो. घरी वडिलांनी विचारले तेव्हा सांगितले, "आपल्याला मिळत नाही." तेवढ्यावर विषय संपला. पुढे नोकरी लागली, संसार झाला.

बऱ्याच वर्षांनी समजले की ती अट त्या एका संस्थेची होती. आमच्याच विद्यापीठात अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या मुलाला एम.ए.ला प्रवेश मिळत होता आणि बारावीचे गणित तिथे कोणी विचारत नव्हते. म्हणजे एक दार बंद दिसले आणि आम्ही सगळा वाडाच बंद आहे असे समजून परतलो. त्या गृहस्थांचा आम्हाला राग नाही. खेद एवढाच वाटतो, की दुसरे दार कुठे आहे हे सांगणारे त्या वेळी आमच्या ओळखीत कोणी नव्हते. आजचा हा मेळावा त्यासाठीच आहे.

मित्रहो, अर्थशास्त्र हा विषय आपल्याला परका नाही. बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो, कायदेपंडित म्हणून ओळखतो. परंतु त्यांचे मूळ शिक्षण अर्थशास्त्राचे. १९१२ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम.ए. झाले, तेही अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. केले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ हा त्याच डी.एस्सी.चा प्रबंध होय.

हे सारे आपल्याला पाठ आहे. पण त्यातली एक गोष्ट आपण घाईने ओलांडून जातो. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. मात्र येताना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य झाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे ज्ञानाची तळमळ होतीच, पण नियम काय आहे, मुदत किती आहे, कोणता कागद हाती असला पाहिजे, याचेही भान होते. आपण तळमळीवर भाषणे करतो आणि मुदतीकडे दुर्लक्ष करतो. म्हणून आज आम्ही मुदती आणि कागद याबद्दलच बोलणार आहोत.

आता मुख्य विषयाकडे येतो. एम.ए. अर्थशास्त्राला जाण्याचे ढोबळमानाने तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता आपल्या राज्यातील विद्यापीठांचा. तेथे साधारणपणे अर्थशास्त्र घेऊन पदवी झालेल्याला प्राधान्य असते. काही विभाग स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, काही ठिकाणी पदवीच्या गुणांवर यादी लागते. राज्यातील अनेक विद्यापीठांत कला शाखेच्या एम.ए.ला मराठीतून उत्तरे लिहिता येतात, ही मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मोठी सोय आहे. या रस्त्याला कमी समजू नका. नोकरी करून शिकणाऱ्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे एम.ए. अर्थशास्त्र आहे. तेथे कोणत्याही शाखेची पदवी चालते.

दुसरा रस्ता केंद्रीय विद्यापीठांचा. दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ ही नावे आपण ऐकलेली आहेत. पूर्वी प्रत्येकाची परीक्षा वेगळी असे. २०२२ सालापासून केंद्रीय विद्यापीठांसाठी पदव्युत्तर प्रवेशाची एक सामायिक परीक्षा सुरू झाली. तिला सीयूईटी-पीजी म्हणतात. २०२५ सालच्या परीक्षेत ७५ प्रश्न होते, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. एकूण ३०० गुण. समजा ४० उत्तरे बरोबर आली आणि २० चुकली, तर १६० मधून २० गेले, राहिले १४०. म्हणून ठोकून द्यायची सवय इथे चालत नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते, हेही आधीच लक्षात ठेवा.

तिसरा रस्ता खास संस्थांचा. आय.आय.टी.मध्ये फक्त इंजिनीअर होतात असा आपला समज आहे. परंतु दिल्ली आणि रुरकी येथील आय.आय.टी.मध्ये अर्थशास्त्राची एम.एस्सी. आहे. त्यासाठी जॅम नावाची परीक्षा असून २०२१ सालापासून तिच्यात अर्थशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची कोलकाता आणि दिल्ली येथे परिमाणात्मक अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे. तेथील प्रवेश परीक्षेत गणिताचा आणि अर्थशास्त्राचा असे दोन पेपर असतात आणि विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळत आलेले आहे. आपल्या राज्यातच पुण्याला गोखले संस्था आहे, जी धनंजयराव गाडगीळांनी १९३० साली उभी केली, आणि मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. लोकलने अर्ध्या-एक तासावर असलेली ही संस्था आपल्या वस्तीतील किती मुलांनी बाहेरून तरी पाहिली असेल? आम्ही स्वतः चाळिशी उलटल्यावर पाहिली.

आता या सर्व रस्त्यांवर जो एक नाका लागतो त्याचे नाव गणित. वरच्या संस्थांपैकी काही ठिकाणी बारावीपर्यंतचे गणित ही लेखी अट असते. जिथे लेखी अट नाही तिथेही परीक्षेत कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, संभाव्यता, सांख्यिकी हे येतेच. अट दारावर लिहिलेली नसली तरी दाराच्या आत उभी असते.

पालक विचारतात, अर्थशास्त्राला गणित कशाला? आम्ही आमच्या काउंटरवरचे उदाहरण देतो. माणूस घरासाठी कर्ज घेतो आणि दरमहा हप्ता भरतो. हप्ता दर महिन्याला सारखाच, पण त्यातले व्याज कमी होत जाते आणि मुद्दल वाढत जाते. हा हप्ता येतो कुठून? दहावीनंतर जी भूमिती श्रेढी शिकवतात तिच्या बेरजेतून येतो. संगणक आकडा काढून देतो आणि आम्ही तो ग्राहकाला सांगतो. परंतु आकडा तसाच का, हे ज्याला समजते तो अधिकारी होतो, आणि व्याजाचा दर काय असावा हे ज्याला समजते तो रिझर्व्ह बँकेत बसतो. क्लार्कची खुर्ची आणि त्या खुर्च्या यांच्यामधले अंतर पुष्कळसे गणिताचे आहे.

यातली खरी अडचण अशी, की हा निर्णय एम.ए.च्या वेळी होत नाही. तो अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी होऊन जातो. आपली मुले कला शाखेला जातात आणि तेथे गणित घेता येते हेच त्यांना माहीत नसते. राज्य मंडळाच्या बारावीला 'गणित आणि संख्याशास्त्र' हा विषय कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांसाठी आहे. पण अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत कला शाखेला तो शिकवतच नाहीत. आमच्या टेबलावर आलेल्या एका मुलाला तर "कलेला गणित नसतेच" असे प्रवेशाच्या वेळी ठामपणे सांगण्यात आले होते. त्याच्या वडिलांनी मान डोलावली आणि दुसरा विषय लिहून दिला. आपण नेहमी मान डोलावतो. त्या दिवशी त्या घराने न कळत दिल्लीची, कोलकात्याची, गोरेगावची काही दारे लावून घेतली होती. म्हणून पालकहो, आमची पहिली विनंती ही, की मूल कला शाखेला जात असेल तर गणिताची सोय असलेले कॉलेज शोधा, थोडे लांब पडले तरी चालेल.

आणि ज्यांचे गणित सुटून गेले आहे त्यांनी निराश होऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीचा विषय वेगळा असला तरी दुसऱ्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याची वाट मोकळी ठेवली आहे. त्याच आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचे आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण, अशी रचना आहे. मात्र प्रत्येक विद्यापीठाचे माहितीपत्रक स्वतः वाचा. शेजाऱ्याने सांगितले, मित्राने सांगितले, यावर जाऊ नका. आम्ही खिडकीवरच्या माणसाच्या एका वाक्यावर गेलो आणि काय झाले ते आपण ऐकलेच.

आता मुदतीविषयी. आमच्या थोरल्या बंधूंची कन्या बी.ए. अर्थशास्त्र प्रथम वर्गात उत्तीर्ण झाली. निकाल हाती आल्यावर जून महिन्यात पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "काका, आता दिल्लीचा फॉर्म भरू या." आम्ही संगणक उघडला तर परीक्षा मार्चमध्येच होऊन गेलेली! अर्ज भरण्याचे दिवस तर त्याच्याही आधी, जानेवारीच्या सुमाराला येऊन गेले होते. जॅमचे अर्ज त्याहून आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. निकालानंतर प्रवेश ही आपल्या मनातली जुनी रीत आहे. या परीक्षांना पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत असतानाच बसायचे असते.

पोर रडली. वहिनी म्हणाल्या, "आता बी.एड. कर नाहीतर लग्नाचे बघू." दादा गप्प होते. आम्ही दोघा नवरा-बायकोने दादांकडे एक वर्ष मागून घेतले. त्या वर्षात ती बारावीचे गणिताचे पुस्तक पहिल्या पानापासून शिकली. वस्तीतील एक निवृत्त शिक्षक संध्याकाळी तिला शिकवीत. आमच्या सौभाग्यवती तिला घरकामाला हात लावू देत नसत. इंग्रजीची भीती होती, म्हणून एक वही केली. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. सीमांत खर्च, लवचिकता, राजकोषीय तूट, देवाणघेवाणीचा तोल, असे करत करत वही भरली. पुढच्या वर्षी परीक्षा दिली आणि एका केंद्रीय विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "काका, इथे अर्थशास्त्राच्या आधी गणिताचेच वर्ग चालू आहेत. वही बरोबर आणली ते बरे झाले." एक वर्ष गेले खरे. पण ते जूनऐवजी आदल्या सप्टेंबरात जागे झालो असतो तर गेले नसते.

यानंतर कागदांविषयी, आणि हा भाग सर्वांनी नीट ऐकावा. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के आणि अनुसूचित जमातींना साडेसात टक्के जागा राखीव आहेत. आपल्या राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण १३ टक्के आहे. धर्मांतरानंतर राज्य शासनाने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या सवलतींसाठी तीस वर्षे झगडावे लागले. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. ते हक्क हातात आले, पण कागदावर उतरले पाहिजेत.

गोम अशी आहे, की केंद्राच्या यादीत 'नवबौद्ध' नावाची जात नाही. यादीत मूळ जातीचे नाव आहे. म्हणून केंद्रीय संस्थेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा आणि त्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख हवा. आपल्या वस्तीतील एका गुणी मुलाने राज्याच्या नमुन्यातला जुना दाखला जोडला होता. यादीत नाव लागले, कागद तपासणीच्या दिवशी दाखला नामंजूर झाला, आणि नवा आणण्यास थोडे दिवस दिले. गावाकडे आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यात तीन आठवडे गेले. तोवर ती जागा गेली. मार्क होते, आरक्षण होते, नव्हता फक्त कागद. त्या मुलाच्या आईचा चेहरा आम्ही विसरू शकत नाही.

म्हणून सांगतो, आजच घरी जाऊन पेटी उघडा. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावचा जन्म-मृत्यूचा उतारा, जमिनीचा कागद, जे असेल ते प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. सेतू केंद्रातून अर्ज करून दाखला मुलगा अकरावीत असतानाच काढा. नावातील एक अक्षर जरी दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळत नसेल तर ते आताच दुरुस्त करून घ्या.

पैशाचा प्रश्न येतोच. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाखांची. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. प्रत्येकीच्या अटी आणि तारखा निराळ्या. मंडळाच्या फलकावर आम्ही त्या लावत जाऊ.

शेवटी, एवढे करून पुढे काय, असे विचाराल. एम.ए. अर्थशास्त्र झाल्यावर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा देता येते. त्या परीक्षेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीच लागते. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागात अधिकारी होता येते. नेट-सेट देऊन प्राध्यापक होता येते. मात्र नेटला एम.ए.मध्ये सर्वसाधारण गटास ५५ टक्के आणि आपल्याला ५० टक्के गुण लागतात. म्हणून प्रवेश मिळाला म्हणजे जिंकलो असे नाही. ४९ टक्के घेऊन एम.ए. झालेला मुलगा पुन्हा एका बंद दारासमोरच उभा राहतो. एम.ए.च्या पहिल्या सत्रापासून हा आकडा डोळ्यांपुढे हवा.

मंडळापुढे आमची एकच सूचना आहे. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो, तो करावाच. परंतु मंडळाची खोली संध्याकाळी सात ते दहा रिकामी असते. ती अभ्यासिका म्हणून उघडावी, आठवड्यातून तीन दिवस अकरावी-बारावीच्या गणिताचा वर्ग घ्यावा, आणि भिंतीवर एक मोठे वेळापत्रक लावावे. कोणता अर्ज कोणत्या महिन्यात निघतो, कोणता कागद लागतो, एवढेच त्यावर असावे. निवृत्त शिक्षक आपल्यात आहेत. बँकेतून सुटल्यावर किल्ली घेऊन खोली उघडण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेतो.

मित्रहो, आम्ही त्या दिवशी जिना उतरलो तेव्हा एकटे होतो. समोर बसलेल्या मुलांपैकी कोणी उद्या अशाच एखाद्या खिडकीपुढे उभा राहिला आणि त्याला "मग कशाला आलात?" असे कोणी विचारले, तर त्याच्या हातात माहितीपत्रक असावे, पिशवीत दाखला असावा, आणि "ही अट तुमची आहे, दुसरीकडची मला माहीत आहे" असे शांतपणे सांगून त्याने पुढच्या दाराकडे जावे. एवढे जरी आपल्या मंडळाने साधले तरी पुष्कळ झाले.